रावळगांवची गोळी : खाऊच्या एका पेढीचा इतिहास

(१)

राजघराण्यांचीं व सरदारघराण्यांचीं दप्तरें शोधून तीं प्रसिद्ध करण्याचें काम महाराष्ट्रांत शंभरांहून अधिक वर्षें चाललेलें आहे. सनदा, महजर, शकावल्या व कैफियती यांच्यासाठीं अभ्यासकांनीं गांवोगांव पायपीट केली, वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडून पाहिले. व्यापारी पेढ्यांच्या चोपड्यांच्या वांट्यास मात्र तेवढी आस्था आलेली नाहीं. आणि त्यांतही जो माल क्षुद्र समजला जातो, त्याच्या व्यापाराकडे तर फारच थोड्यांचें लक्ष गेलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका क्षुद्र वस्तूचा, म्हणजे मुलांच्या हातावर पडणाऱ्या साखरेच्या गोळीचा, विचार करणार आहों.

नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्यांत रावळगांव म्हणून एक गांव आहे. या गांवीं इ. स. १९४२ पासून गोळ्या होऊं लागल्या आणि इ. स. २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत त्या गोळ्यांचीं नांवें व कृति विकल्या गेल्या. मधल्या ब्याऐंशी वर्षांत हा धंदा एकाच कुलाच्या हातीं राहिला. हिंदुस्थानांत एखादा धंदा एका कुलांत तीन पिढ्या टिकणें ही सामान्य गोष्ट नव्हे. सबब ही पेढी इतका काळ कां चालली व अखेर कां थांबली, हें पाहणें अगत्याचें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गोळीच्या धंद्याचें मर्म साखरेंत शोधूं नये, तें वितरणांत व सुट्या नाण्यांत शोधावें. एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे रावळगांवचा उत्कर्ष व अस्त हे दोन्ही उलगडतात.

(२)

प्रथम वस्तूविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. इंग्रजी भाषेंत गोड गोळीस जो ‘कँडी’ शब्द आहे, त्याचें मूळ आपल्याच ‘खंड’ शब्दांत आहे. संस्कृतांतील खंड फारशींत ‘कंद’ झाला, अरबी व्यापाऱ्यांबरोबर तो पश्चिमेकडे गेला आणि युरोपांतील भाषांतून फिरून इंग्रजींत स्थिरावला. साखर जमविण्याची कला या देशांत जुनी असल्यामुळें तिचे पदार्थही जुने आहेत. बत्तासे, रेवड्या, साखरफुटाणे, संक्रांतीचा कांटेरी हलवा, गुढीपाडव्याच्या गांठी हे सर्व त्याच परंपरेंतले होत. परंतु या पदार्थांचें एक लक्षण असें कीं, ते स्थळाशीं व सणाशीं बांधलेले असतात. हलवाई ते आपल्या भट्टींत करितो व आपल्या दुकानीं किंवा जत्रेंत विकतो. करणारा व विकणारा यांमध्यें तिसरा मनुष्य क्वचितच येतो.

कागदांत गुंडाळलेल्या गोळीचें तसें नाहीं. साखर व ग्लूकोजचा पाक सुमारें दीडशें अंश सेंटिग्रेडपर्यंत कढविला म्हणजे त्यांत पाणी शेंकडा दोन-तीन भागच उरतें. त्यांत रंग, वास व किंचित् आंबटपणा मिसळून तो निवत असतां ओढून त्याची वळकटी करितात व तिचे तुकडे पाडितात. थंड झाल्यावर ही गोळी कांचेसारखी कठीण होते. तिला सण लागत नाहीं, ऋतु लागत नाहीं. ती महिनेच्या महिने टिकते. तिचा शत्रु एकच, तो म्हणजे ओल. पावसाळ्यांत उघडी राहिली तर ती चिकट होते. म्हणून तिला कागद, आणि कागदावर कांचेची बरणी किंवा पत्र्याचा डबा. अशा रीतीनें जपलेली गोळी शेंकडों मैल प्रवास करूं शकते. ती एका ठिकाणीं होते व हजार ठिकाणीं खपते. म्हणजे तिच्यासाठीं मध्यें वितरक लागतोच. ‘लिमलेट’ हा इंग्रजी नांवाचा मराठी अपभ्रंश खेड्यापाड्यांतील मुलांच्या तोंडीं रुळला, तो अशाच दुरून आलेल्या मालाबरोबर.

(३)

रावळगांवचा कारखाना ज्या कुलानें काढिला तें दोशी कुल मूळचें सौराष्ट्रांतलें. हे दिगंबर जैन लोक सोलापुरास येऊन कापसाचा व्यापार व सावकारी करीत. शेठ हिराचंद नेमचंद हे या घराण्यांतले सुधारक गृहस्थ. ‘जैन बोधक’ हें नियतकालिक त्यांनीं चालविलें. त्यांचे पुत्र वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापुरासच इ. स. १८८२ मध्यें झाला. लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारींत रेल्वेच्या कामांचे मक्ते घेऊन त्यांनीं आरंभ केला. इ. स. १९१९ मध्यें सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना, पुढें विमानें, जहाजें व मोटारी यांचे कारखाने, हा त्यांचा पराक्रम सर्वश्रुत आहे, गं. दे. खानोलकर यांनीं त्यांचें विस्तृत चरित्र लिहिलें असल्यामुळें त्याची येथें पुनरुक्ति करीत नाहीं.

आमच्या विषयाशीं संबंध आहे तो साखरेचा. इ. स. १९३२ पर्यंत हिंदुस्थानच्या बाजारांत जावा बेटाची साखर मोठ्या प्रमाणांत येत असे. त्या सालीं साखर उद्योगास संरक्षण देणारा कायदा झाला व परदेशी साखरेवर जबर जकात बसली. देशांत त्या वेळीं साखरेचे कारखाने तीस-बत्तीस होते. पांच-सहा वर्षांत ते सव्वाशेंच्या वर गेले. दक्षिणेंतील कालव्यांखालच्या जमिनींत ऊंस चांगला पिकतो हें सिद्ध झालेंच होतें. मालेगांव तालुक्यांतील खडकाळ जमीन लागवडीखालीं आणून वालचंदांनीं इ. स. १९३३ मध्यें ‘रावळगांव शुगर फार्म’ ही कंपनी स्थापिली. कंपनीच्या नांवांत कारखान्याबरोबर शेताचाही उल्लेख आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ऊंस आपल्या शेतांत, साखर आपल्या घाण्यांत, अशी ही योजना होती.

(४)

गोळ्यांचा विभाग इ. स. १९४२ मध्यें निघाला. हें साल दुसऱ्या महायुद्धाचें. जहाजें लढाईच्या कामीं गुंतल्यामुळें विलायती मालाची आवक आखडली होती. खुद्द इंग्लंडांत त्याच वर्षीं २६ जुलैपासून गोड खाऊवर रेशन बसलें. तें मधले कांहीं महिने वगळतां इ. स. १९५३ च्या फेब्रुवारीपर्यंत उठलें नाहीं. ज्या देशांतून डबे येत, तेथील मुलांसच खाऊ मोजून मिळूं लागला, मग तो हिंदुस्थानांत कोठून यावा? अशा वेळीं ज्याच्या घरीं साखर आहे त्यानें गोळी करावी, हें ओघानेंच आलें. इ. स. १९४२ हें वर्ष स्वदेशीच्या भावनेसही अनुकूल होतें हें सांगावयास नकोच.

स्थळाचाही विचार केला पाहिजे. मालेगांवास तेव्हां रेल्वे नव्हती. परंतु मुंबई-आग्रा हा जुना राजमार्ग तेथून जातो आणि मनमाड हें मोठें जंक्शन फार दूर नाहीं. मनमाडाहून एक वाट मुंबईस, दुसरी खानदेशांतून उत्तरेस व वऱ्हाडाकडे, तिसरी दौंडावरून दक्षिणेकडे व चौथी मराठवाड्यांत जाते. एक बाजू समुद्राची सोडली तर महाराष्ट्राच्या सर्व दिशांस माल पाठविण्यास यापेक्षां सोयीचें नाकें सांपडणें कठीण.

मालास नांव दिलें तें गांवाचेंच. मालकाचें नांव नाहीं, देवाचें नाहीं, इंग्रजी डौलाचें नाहीं, नुसतें ‘रावळगांव’. याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. ज्यांनीं मालेगांव तालुका कधीं पाहिला नाहीं, अशा कोंकणांतल्या व विदर्भांतल्या घरांतून ‘रावळगांव’ म्हटलें कीं गोळी समजली जाऊं लागली. पैठणी, शहागडी अशीं स्थळांवरून पडलेलीं वस्तूंचीं नांवें आपणांस परिचित आहेत. परंतु तेथें शेंकडों वर्षांची कारागिरी नांवाच्या पाठीशीं होती. येथें एका पिढींतच तें घडलें, आणि तें घडविणारी शक्ति म्हणजे बरणी घेऊन हिंडणारा वितरक.

(५)

आतां या वितरणाची घडण पाहूं. कारखान्यांतून पेट्या निघत त्या मोठ्या शहरांतील मुख्य विक्रेत्याकडे; त्याच्याकडून जिल्ह्याच्या व तालुक्याच्या पेठेंतील घाऊक व्यापाऱ्याकडे; तेथून किराणा दुकान, पानपट्टी व शाळेच्या फाटकाजवळची टपरी. या प्रत्येक पायरीवर मालाचें ओझें कमी होतें व गिऱ्हाइकांची संख्या वाढते. मुख्य विक्रेता पेट्या मोजतो, घाऊक व्यापारी बरण्या मोजतो, टपरीवाला गोळ्या मोजतो. नफ्याचा वांटा मात्र तिघांसही द्यावा लागतो, आणि तो सर्व त्या एका गोळीच्या किंमतींतून निघावा लागतो.

हिशेब करून पाहावा. चार ग्रॅमची एक गोळी धरली तर एका किलोंत अडीचशें गोळ्या होतात. गोळी आठ आण्यांस विकली तर किलोचे सव्वाशें रुपये आले. त्यांत साखर, ग्लूकोज, इंधन, मजुरी, कागद, बरणी, वाहतूक, कर आणि तीन पायऱ्यांचा नफा. अडीचशें वेळां हात पुढें करावा तेव्हां सव्वाशें रुपये जमतात. धान्याच्या किंवा कापडाच्या व्यापाऱ्यास हा धंदा म्हणजे पोरखेळ वाटेल. परंतु टपऱ्या हजारों असल्या व प्रत्येकींत बरणी असली, तर या पोरखेळांतूनच कारखाना उभा राहतो. सबब या धंद्यांतील खरी मत्ता म्हणजे त्या हजारों बरण्यांची जागा होय.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. साखर व गोळी हीं एकाच घरचीं भावंडें असलीं तरी त्यांच्या वाटा वेगळ्या. साखर पोत्यांनीं जाते. ती अडत्याकडे, मोठ्या पेठेंत, बाजारभावानें विकली जाते; विकत घेणारास ती कोणत्या कारखान्याची हें सांगावें लागत नाहीं. गोळी बरणींतून जाते, नांवानें विकली जाते, व तिच्यासाठीं टपरीपर्यंत मनुष्य पाठवावा लागतो. साखरेचा व्यापारी गोळी नेत नाहीं व गोळीचा विक्रेता पोतें उचलीत नाहीं. रावळगांवच्या कंपनीस साखर घरची मिळाली, परंतु वाट घरची मिळाली नाहीं. ती तिला केवळ गोळीच्या बळावर तयार करावी लागली. हा तिचा पराक्रम होय, आणि पुढें दिसेल कीं तिच्या दुर्बलतेचें बीजही येथेंच होतें.

वालचंद हिराचंद इ. स. १९५३ मध्यें निवर्तले. त्यांच्यामागें उद्योगांचा कारभार त्यांच्या बंधूंकडे व पुढें पुतण्यांकडे आला. इ. स. १९६१ मध्यें महाराष्ट्रांत कमाल जमीन धारणेचा कायदा झाला. खाजगी साखर कंपन्यांच्या उंसाच्या जमिनी सरकारनें घेतल्या व त्यांच्या व्यवस्थेसाठीं इ. स. १९६३ मध्यें राज्य शेती महामंडळ स्थापन झालें. त्याच्या मळ्यांत रावळगांवचाही मळा होता. याच सुमारास सहकारी साखर कारखाने प्रबळ होऊं लागले. ‘शुगर फार्म’ या नांवांतील शेत असें गेलें, आणि साखरेचें वैशिष्ट्यही उरलें नाहीं. लोकांच्या मनांत कंपनी राहिली ती जोडधंदा म्हणून निघालेल्या गोळीमुळें.

(६)

वितरणाइतकेंच महत्त्व नाण्यास आहे. मुलाच्या हातांत जें नाणें पडतें, तीच गोळीची किंमत. कारखानदार भाव ठरवितो असें दिसतें खरें, परंतु वस्तुतः तो टांकसाळ ठरविते. पूर्वीं रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशें ब्याण्णव पै होत. इतक्या बारीक विभागणीमुळें गोळीस अत्यंत लहान भाव ठेवितां येई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुन्या आण्याचे हिशेबानें सव्वासहा नवे पैसे. पण सव्वासहाचें नाणें नाहीं, म्हणून पांच किंवा दहा. अशा रीतीनें गोळीचा भाव नाण्यांच्या पायऱ्यांनींच चढूं लागला. पायरी चढेपर्यंत कारखानदारास वाढता खर्च सोसावा लागे, किंवा गोळीचें वजन हळूच कमी करावें लागे.

महागाईबरोबर या पायऱ्या खालून ढासळत गेल्या. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचें व त्याखालचें प्रत्येक नाणें चलनांतून बाद झालें. पन्नास पैशांचें नाणें कायद्यानें चालू राहिलें, तरी बाजारांत तें घेण्यास दुकानदार कुरकुरूं लागला. राहिला तो रुपया. आतां आठ आण्यांच्या गोळीचा भाव वाढवावयाचा म्हणजे एकदम दुप्पट करावयाचा. मधली पायरी नाहीं. एखाद्या कापडवाल्यास वारामागें दोन रुपये वाढवून निभावून नेतां येतें, तशी सोय गोळीवाल्यास नाहीं.

नाण्यांच्या टंचाईनें गोळीस कांहीं काळ एक निराळाच मान मिळवून दिला, तोही नमूद करितों. दुकानदाराकडे सुटे नसले म्हणजे तो गिऱ्हाइकाच्या हातावर एक-दोन गोळ्या ठेवी. गिऱ्हाईक नाखुषीनें कां होईना घेई. म्हणजे गोळी हेंच नाणें झालें. यांतून खप वाढला खरा, परंतु तो गोळीच्या गोडीमुळें नव्हे, हें लक्षांत ठेवावें. इ. स. २०१६ नंतर मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत फैलावली व लवकरच पानपट्टीपर्यंत पोंचली. पै न् पै बरोबर देतां येऊं लागल्यावर सुट्याची अडचण उरली नाहीं, आणि तिच्याबरोबर गोळीचें हें उसनें नाणेंपणही संपत चाललें.

(७)

उत्तरकाळांत पेढीनें स्वस्थ बसून दिवस काढिले असें मात्र नव्हे. साध्या रंगीत गोळ्यांबरोबर ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’, ‘कॉफी ब्रेक’, ‘टुटी फ्रुटी’, ‘सुप्रीम’ अशीं नांवें तिनें बाजारांत आणिलीं. यांत ‘पान पसंद’ विशेष होय. विड्याची चव गोळींत उतरवून पेढीनें मुलांच्या खाऊस मोठ्या माणसांच्या तोंडांत जागा मिळवून दिली. आणि पानपट्टीवरच विड्याची गोळी विकली जाणें, ही वितरणाच्या दृष्टीनेंही मार्मिक युक्ति होती. दूरदर्शनवरील तिची जाहिरात, जींत गोळी तोंडांत पडतांच कठोर वाणी मधुर होते, ती पाहिलेल्या पिढीस अद्याप आठवते.

इ. स. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांस दार उघडलें. त्यांच्याजवळ जाहिरातीस पैसा होता व दुकानांत जागा विकत घेण्याची ताकद होती. खालच्या अंगास गल्लीबोळांत लहान भट्ट्या चालवून बिननांवाची गोळी स्वस्त विकणारेही होते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, गोळ्यांचीं व्यापारचिन्हें, कृति व तत्संबंधीं सर्व बौद्धिक हक्क रिलायन्स कन्झ्यूमर प्रॉडक्ट्स या कंपनीस २७ कोटि रुपयांस दिले. जमीन, इमारती व यंत्रें मूळ कंपनीकडेच राहिलीं. संघटित व असंघटित अशा दोन्ही प्रतिस्पर्ध्यांमुळें बाजारांतील वांटा घटल्याचें कारण कंपनीनें दिलें. २७ कोटि रुपये म्हणजे आठ आण्यांच्या ५४ कोटि गोळ्या. या व्यवहारांत यंत्रांस गिऱ्हाईक नव्हतें, नांवास होतें. यंत्रें व इमारती मागें राहून नांव पुढें गेलें, हेंच आमच्या सिद्धांताचें प्रत्यंतर होय.

(८)

रावळगांवचें उदाहरण एकाकी नाहीं. बिहारांत सारण जिल्ह्यांत मढौरा येथें साखरेचा कारखाना होता व त्याच गांवीं मॉर्टन नांवानें गोळ्या होत. पुढें दोन्ही बंद पडले. मद्रासकडे नेल्लिकुप्पम येथें साखर करणाऱ्या पॅरी कंपनीच्या कुटुंबांतील गोळ्यांची शाखा इ. स. २००४ मध्यें लोट्टे या कोरियन कंपनीनें घेतली. तीनही ठिकाणीं साखर घरची होती आणि तीनही ठिकाणीं ती उपयोगी पडली नाहीं.

याच्या उलट मुंबईस विलेपार्ल्याच्या चौहान कुटुंबाचें उदाहरण आहे. त्यांनीं इ. स. १९२९ मध्यें गोळ्यांपासूनच आरंभ केला, परंतु इ. स. १९३९ पासून बिस्किटें काढिलीं. बिस्किटाचा पुडा व गोळीची बरणी एकाच गाडींतून, एकाच दुकानीं, एकाच माणसाच्या हातून जातात. गोळीनें वाट दाखविली व बिस्किटानें तिचा खर्च उचलला. साखर नसलेली पेढी टिकली, साखर असलेल्या टिकल्या नाहींत. यावरून गोळीच्या धंद्यास जोडीदार पाहिजे तो कच्च्या मालाच्या बाजूस नव्हे, तर वाटेच्या बाजूस, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं. दूरदृष्टीच्या पुरुषानें काढलेल्या कारखान्यासही हा नियम चुकला नाहीं.

(९)

येथवर जें लिहिलें त्यांत कारखान्याची बाजू आहे, कायद्याची आहे, टांकसाळीची आहे. परंतु ज्यांनीं ही वाट पायांनीं तुडविली त्या वितरकांचे कागद अजून उजेडांत यावयाचे आहेत. धुळें, जळगांव, अमरावती, सोलापूर, कोल्हापूर, बेळगांव येथील पेठांतून तीन-तीन पिढ्या गोळ्या-बिस्किटांची घाऊक विक्री करणारीं कुटुंबें आहेत. त्यांच्या रोजकीर्दी, खतावण्या, उधारीच्या वह्या, कारखान्याशीं झालेला पत्रव्यवहार, रंगीत पत्र्याचे डबे व गोळ्यांवरील कागद हीं सर्व इतिहासाचीं साधनेंच होत. कोणत्या सालीं कोणत्या खेड्यांत किती बरण्या गेल्या, हें एका वहींत सांपडलें तर त्या खेड्यांत शाळा केव्हां भरूं लागली, मोटार केव्हां पोंचली व मुलांच्या हातांत पैसा केव्हां खेळूं लागला, याचा अंदाज बांधितां येईल.

हे कागद रद्दींत जाण्यास फार काळ लागत नाहीं. दुकान बदललें, माळा झाडला, कीं चोपड्या वजनावर जातात. पेशवाईचे रुमाल वाण्याच्या पुडीस जातांना ज्यांनीं वांचविले त्यांचे आपण ऋणी आहों. खुद्द वाण्याच्या वह्यांविषयीं तीच तत्परता दाखविणें आतां प्राप्त आहे. रावळगांव या नांवाची मालकी आज एका दूरच्या कंपनीकडे आहे. गांव आपल्या जागीं आहे. त्या दोहोंमध्यें ब्याऐंशी वर्षें जी वाट होती तिचा वृत्तांत कारखान्याच्या फाटकापाशीं सांपडणार नाहीं, तो पेठांतल्या या घरांतूनच मिळेल. ज्या वाचकांच्या घरीं किंवा परिचयांत अशा वह्या असतील त्यांनीं त्या टाकूं नयेत, निदान त्यांची नक्कल करून जवळच्या संशोधनसंस्थेकडे द्यावी, अशी आमची विनंति आहे.